काशीत वाढवलेले स्फटिक

बनारसला विद्यापीठात नोकरी लागल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "अगं, लोक काशीला म्हातारपणी जातात. तू तर आत्ता कुठे कामाला लागतेयस."

मी साताऱ्याची. पीएच.डी. दक्षिणेत केली, नंतर काही वर्षं परदेशात दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत काढली. परत यायचं ठरवलं तेव्हा देशभर अर्ज टाकले होते. सगळ्यात आधी होकार आला तो इथून. पत्रात लिहिलं होतं की मला प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र खोली मिळेल. त्या एका वाक्यावर मी हो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे विभागाची अडगळ होती. मोडकी बाकं, उंदरांनी कुरतडलेल्या उत्तरपत्रिका आणि एक भलंमोठं काचेचं पिंप, ज्याचा उपयोग विभागात कुणालाच सांगता येईना. पण खोली माझी होती, आणि तिला खिडकी होती.

राहायची जागा आईच्या भिशीतल्या एका बाईंनी सुचवली. त्या काशीयात्रेला आल्या तेव्हा ज्या गुरुजींनी त्यांचे विधी केले, त्यांच्या घरी वरचा मजला रिकामा होता. हे घर दशाश्वमेध आणि मुन्शी घाटाच्या मधल्या गल्लीत, अरुंद आणि उभं. खाली काका-काकू, वर मी. काकांच्या घराण्यात कित्येक पिढ्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य चालत आलेलं. स्वतः काका मात्र महाराष्ट्रात दोनदाच जाऊन आले होते, दोन्ही वेळा लग्नाला. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं आणि मग मायाच वाटायची. पहिल्याच दिवशी काकूंनी बजावलं, "बेटा, वरचा दरवाजा लावून घेत जा. बंदर येतात आणि सगळी सब्जी घेऊन पळतात."

त्याच संध्याकाळी काकांनी विचारलं, "तुम्ही शिकवता काय?"

"फिजिक्स."

"ते झालं. पण करता काय?"

"मी स्फटिक वाढवते."

काकांनी मान डोलावली. चेहऱ्यावर एकदम आदर आला. त्यांना काय कळलं होतं ते मला समजायला काही दिवस जावे लागले.

एका रविवारी सकाळी जिन्यात गलका ऐकू आला. दार उघडलं तर कोल्हापूरचं एक मोठं कुटुंब अंघोळ करून, ओल्या केसांनी उभं. सगळ्यात पुढे असलेल्या आजी म्हणाल्या, "गुरुजी सांगत होते, तुमच्याकडे अस्सल स्फटिकाची माळ मिळेल म्हणून. बाजारात सगळी काचच असते हो."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि समजावायला लागले. माझे स्फटिक पारदर्शक नसतात, माळेत ओवता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर अजून एकही धड झालेला नाही. आजींना ते पटेना. शेवटी परदेशातून नमुना म्हणून आणलेला एक फसलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. काळसर करडा, एका बाजूने आरशासारखा चकाकणारा. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सुनेला म्हणाल्या, "हा तर लोखंडाचा कपचा दिसतोय. चला."

काका त्या दिवशी जरा दुखावलेलेच होते. "मग स्फटिक कशाला म्हणालीस?" त्या दिवसापासून ते मला अगं-तुगं करायला लागले.

"काका, मराठीत तोच शब्द आहे."

"मग दुसरा काढ. काशीत त्या शब्दाची माळ होते."

दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. काकांनी मग आपल्या यात्रेकरूंना "आमच्या वरच्या बाई दगड वाढवतात" असं सांगायला सुरुवात केली. त्याने कुतूहल वाढलं, पण निदान माळा मागायला कुणी आलं नाही.

मी ज्या पदार्थांवर काम करते त्यांची गंमत थोडक्यात सांगता येते. तांब्यातून वीज आरपार वाहते, काचेतून वाहतच नाही. आमचा पदार्थ आतून काचेसारखा असायला हवा आणि पृष्ठभागावर तांब्यासारखा. वरून काही लावलेलं नसतं. आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणीच अशी पिळलेली असते, की पदार्थ जिथे संपतो तिथे वीज वाहायलाच लागते. कागदावर हे फार सुंदर दिसतं. भट्टीतून बाहेर काढलेला खराखुरा तुकडा मात्र बहुतेक वेळा लबाड निघतो. त्यातला एखादा घटक तापल्यावर उडून जातो, त्याची जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागांमुळे आतूनही वीज गळायला लागते. मग बाहेरची वीज कुठली आणि आतली कुठली, हे कुणी सांगू शकत नाही. आतून कोरडा असा स्फटिक करायचा, एवढंच माझं काम. त्यात माझी कितीतरी वर्षं गेली आणि त्याचं मला बिलकूल वाईट वाटत नाही.

काकांना हे मी एका दुपारी सांगितलं. ते ओसरीवर जानव्यांचं सूत वळत बसले होते. आधी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नारळासारखं. वर करवंटी, आत पाणी."

"तसं नाही. नारळ फोडला की करवंटी फुटते. आमचा दगड फोडला तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा नवी करवंटी येते."

काकांचे हात थांबले. "आणि ती करवंटी खरवडून काढली तर?"

"खाली दुसरी."

"कशामुळे?"

मला एकदम त्यांच्या हातातलं जानवंच दिसलं. "ही गाठ बघा. दोरा वेढ्यावेढ्यांनी बंद आहे. आता कितीही ताणा, हलवा, फिरवा, ही गाठ जाईल का?"

"ब्रह्मगाठ आहे ती. तोडल्याशिवाय जायची नाही."

"आमच्या दगडाच्या आत तशी गाठ आहे. बाहेर हवेत गाठ नाही. मग गाठ असलेलं जिथे संपतं आणि नसलेलं सुरू होतं, तिथे दोरा कुठेतरी तुटायलाच हवा. तो तुटतो पृष्ठभागावर. तिथेच वीज वाहते."

काकांनी गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सूत वळताना ही गाठ मी रोज बघतो, आणि पगार मात्र तुला मिळतो." पुढे मी वर्गात टोपोलॉजी, म्हणजे ताणून-वाकवूनही न बदलणाऱ्या गुणांचं गणित, शिकवताना मुलांना हीच गाठ दाखवायला लागले. काकांकडून जानवी घेऊन जायचे. एकदा एका मुलाने तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, ये वापस देना है या पहन लें?"

माझी पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी पूर्वेकडच्या बलिया जिल्ह्याची. राष्ट्रीय परीक्षा पास होऊन आली होती आणि माझ्याकडे ती का आली याचं कारण तिने पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं, बाकीच्या सगळ्या गाइडांच्या जागा भरल्या होत्या. उंच, शांत, चालताना पाय आपटणारी. काकूंनी तिचं नाव कधी घेतलंच नाही. त्यांच्यासाठी ती "बलियावाली", आणि हळूहळू आमच्यासाठीही. आम्ही दोघींनी मिळून ती अडगळ उपसली, भिंतींना रंग लावला, भट्टी बसवली. क्वार्ट्झच्या नळीत मोजून धातू भरायचे, पंपाने आतली हवा काढायची, आणि ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, हे मी तिला शिकवलं. महिनाभरात ती माझ्यापेक्षा नीट बंद करायला लागली. तिची नळी हातात घेतली की टोकाला एक छोटा गोल थेंब असायचा, नथीतल्या मोत्यासारखा.

पहिल्या वर्षी आमचा एकही स्फटिक आतून कोरडा निघाला नाही. चमकदार मात्र सगळे.

मग टेल्युरियम आलं. कृती बदलून बघायची म्हणून आम्ही टेल्युरियम वापरायला सुरुवात केली. ही धातूसारखी चकाकणारी, ठिसूळ वस्तू. त्याच सुमारास घरी काहीतरी बिनसलं. काकूंच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते कटाक्षाने पाळत होते. तरी काकू माझ्याशी तुटक बोलायला लागल्या. जेवायला बोलावलं की मला खिडकीजवळचा पाट मिळायचा. मी काही विचारलं की त्या किंचित मागे सरकायच्या. आठवडा असाच गेला. शेवटी एके दिवशी त्यांनी जिन्यात मला थांबवलं.

"बेटा, तुला खायचं असेल तर बाहेर खुशाल खा. मी थोडीच मना करणार आहे. पण लपवायचं कशाला?"

"काय खायचं असेल, काकू?"

"लसूण. दुरूनच येतो गं वास."

मी शपथेवर सांगितलं की बनारसला आल्यापासून मी लसणाची पाकळीही तोंडात घातलेली नाही. काकूंनी "हो हो" केलं, म्हणजे विश्वास बसला नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर बलियावाली तोंड पाडून बसलेली. तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणीने आपली खाट ओढून दुसऱ्या भिंतीला नेली होती.

"मॅडम, वो कहती है मैं दिनभर लहसुन चबाती हूँ।"

 मग मला माझ्या जुन्या गाइडांचं बोलणं आठवलं. टेल्युरियमची धूळ अगदी कणभर जरी अंगात गेली तरी माणसाच्या श्वासाला, घामाला लसणाचा वास येतो. त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. तो इशारा असतो. आम्ही ज्या कपाटात पूड करत होतो त्याचा हवा खेचणारा पंखा फिरत होता खरा, पण त्याच्या पाइपात कबुतरांनी घरटं केलं होतं. हवा जात कुठेच नव्हती. ती आमच्याच तोंडावर परत येत होती.

त्या दिवसापासून काम बंद. आम्ही दोघी रक्त तपासून आलो, डॉक्टरांनी घाबरायचं कारण नाही म्हणून सांगितलं. पंख्यासाठी विभागात, मग इंजिनियरांच्या कार्यालयात, मग परत विभागात असे खेटे झाले. घरट्यात पिल्लं होती म्हणून पाइप साफ करायला कुणी तयार होईना. पिल्लं उडाली तेव्हा पाइप मोकळा झाला. तोपर्यंत आम्हाला मास्क, हातमोजे आणि शिस्त, तिन्हींची सवय लागली. ती सवय माझ्या प्रयोगशाळेत आजही मोडत नाही.

काकूंना मी हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग हा वास किती दिवस राहणार?"

"काही आठवडे तरी."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बराच विचार करून निर्णय दिला, "धातूचा लसूण आहे. दोष नाही." तेव्हापासून माझा पाट परत मधोमध आला. काकू मात्र रोज सकाळी माझ्या हातावर दोन वेलदोडे ठेवायच्या आणि दोन वेगळे पुडीत बांधून द्यायच्या, बलियावालीसाठी.

पुढची लढाई होती विजेशी. स्फटिक चांगला हवा असेल तर वितळलेला रस अतिशय सावकाश थंड करावा लागतो, आठवडाभराहून जास्त. उन्हाळ्यात बनारसची बत्ती जाते आणि येते. भट्टीचं एक बरं असतं, ती जाड असते, दहा-पंधरा मिनिटांत फार निवत नाही. पण तिचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर वीज आली की सगळं विसरायचा आणि पहिल्यापासून तापवायला लागायचा. अर्धा जमलेला स्फटिक पुन्हा वितळायचा. एका मे महिन्यात लागोपाठ तीन नळ्या अशा गेल्या. तिसरी तर तडकली आणि आतला माल भट्टीच्या पोटात सांडला.

त्या संध्याकाळी आम्ही मुन्शी घाटावर जाऊन बसलो. नदी आटून बरीच लांब गेली होती. लिंबाचा चहा घेतला. मी तिला म्हणत होते, तू हवं तर विषय बदल, कॉम्प्युटरवर गणित करणाऱ्या कुणाकडे तरी जा, मी स्वतः बोलते त्यांच्याशी. ती ऐकतच नव्हती. तिचं लक्ष समोरच्या चहावाल्याकडे होतं. त्याच्या टपरीतला मोबाइल एका जुन्या बॅटरीवर चार्ज होत होता.

"मॅडम, भट्ठी को बिजली नहीं चाहिए। सिर्फ़ कंट्रोलर को चाहिए।"

मला आधी कळेना. मग कळलं आणि स्वतःचं हसू आलं. सगळ्या भट्टीला पुरेल एवढी बॅटरी मी महिनाभर शोधत होते, आणि ती मिळत नव्हती. पण कंट्रोलर म्हणजे काय, एक घड्याळ आणि थोडी स्मरणशक्ती. त्याला कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर ठेवलं तर तो काही विसरणार नाही. वीज आली की भट्टी जिथे होती तिथून पुढे चालू. तिचं आणखी एक म्हणणं होतं, महत्त्वाची खेप थंडीत लावायची. तेव्हा एसी बंद असतात, वीज टिकते.

तसंच केलं. दिवाळीनंतर नवी कृती लावली. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम, गंधक आणि अगदी चिमूटभर कथील. अशी मिश्रणं दुसऱ्या देशांतही करून पाहिली होती, आम्ही प्रमाण थोडं वेगळं घेतलं आणि थंड करायचा वेग आणखी कमी केला. कथलाचं ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे भांड्यांना कल्हई करतात तेच? मग होणार तुमचं काम." त्यांच्या आत्मविश्वासाला कशाचाही आधार नव्हता, तरी मला बरं वाटलं.

नळी फोडली त्या सकाळी बाहेर धुकं होतं. आतून निघालेला गोळा बोटाएवढा. बलियावालीने त्याच्या कडेला ब्लेड लावलं आणि हलकेच दाबलं. अभ्रकासारखा एक पापुद्रा सुटून आला आणि खाली जे दिसलं त्यात मला माझा चष्मा, खिडकी आणि खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड असं सगळं स्वच्छ दिसलं. इतका सपाट आरसा आम्ही आधी कधी काढला नव्हता. पण दिसण्यावर जाऊ नये हे पहिल्या वर्षात शिकलो होतो.

खरी परीक्षा अतिशय कमी तापमानाला होते, आणि त्यासाठी लागणारं द्रवरूप हेलियम आमच्याकडे नव्हतं. कोलकात्याला माझ्या पीएच.डी.च्या काळातली एक मैत्रीण होती, तिच्याकडे यंत्र होतं. तिने जानेवारीतले काही दिवस आमच्यासाठी राखून ठेवले. स्फटिक न्यायचे कशात, हा प्रश्न होता. बलियावालीने विश्वनाथ गल्लीतून लाखेच्या रंगाचा लाकडी कुंकवाचा करंडा आणला, आत कापूस भरला आणि तुकडे त्यात ठेवले. काकूंनी वाटेत खायला पुऱ्या आणि मिरचीचं लोणचं दिलं. धुक्यामुळे गाडी रडतरखडत गेली. शेजारच्या एक बाई बलियावालीला विचारत राहिल्या, लग्न ठरलं का, करंडा कुणी दिला. तिने शेवटी कंटाळून सांगितलं, "हाँ चाची, तय हो गया।"

कोलकात्याला मैत्रिणीने करंडा बघितला आणि पोट धरून हसली. मग आम्ही कामाला लागलो. स्फटिकावर केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारा चिकटवायच्या, त्याला यंत्रात सोडायचं आणि थंड करत करत त्याचा विजेला होणारा रोध मोजायचा. पडद्यावर एक रेघ उमटत जाते. आमच्या आधीच्या सगळ्या स्फटिकांची रेघ थंड होताना खाली यायची, म्हणजे आतून वीज गळतेय. या वेळी ती वर जायला लागली. चढत गेली, चढत गेली. मैत्रिणीने खुर्ची पुढे ओढली. दुपारच्या जेवणाच्या सुमारास रेघ हळूहळू आडवी झाली आणि आडवीच राहिली. आतली वाट बंद झाली होती. तरीही कुठून तरी वीज वाहत होती.

"अब इसको पतला करो," मैत्रीण म्हणाली.

कुणीही तेच म्हणालं असतं. साध्या पदार्थाची जाडी निम्मी केली की रोध दुप्पट होतो. पण वीज फक्त पृष्ठभागावर वाहत असेल, तर जाडी कितीही कमी करा, काही फरक पडायला नको. बलियावालीने चिकटपट्टी लावून पापुद्रे काढले, तुकडा निम्म्याने पातळ केला, परत तारा लावल्या.  मध्ये लुडबुड नको म्हणून मी हात खिशात घातले. दुसऱ्या दिवशी तीच मोजणी पुन्हा. सुरुवातीला नवी रेघ जुन्या रेघेच्या बरीच वरून चालली, अपेक्षेप्रमाणे दुपटीवर. मग तापमान उतरत गेलं तशा दोन्ही रेघा जवळ येत गेल्या, आणि शेवटच्या आडव्या भागात एकीवर एक बसल्या. कुठली कुठली ते ओळखू येईना.

कुणी ओरडलं वगैरे नाही. मैत्रिणीने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. बलियावाली उठून बाहेर गेली. काचेतून ती फोनवर बोलताना दिसत होती. नंतर तिने सांगितलं ते असं. वडिलांना ती म्हणाली, "पापा, मिल गया।" वडील म्हणाले, "नौकरी?" ती म्हणाली, "नहीं पापा, पठार।" आडव्या रेघेला आम्ही पठार म्हणतो. वडिलांनी विचारलं, "उसमें पेंशन है?"

घरी आल्यावर काकांनी दारातच विचारलं, "सापडली करवंटी?"

"सापडली. निम्मा दगड काढून टाकला, तरी तेवढीच."

त्यांनी काकूंना हाक मारून चहा टाकायला सांगितला.

शोधनिबंध छापून यायला पुढे बराच काळ गेला. परीक्षकांनी शंका काढल्या, आम्ही उत्तरं दिली, त्यांनी आणखी काढल्या. त्यातल्या एकाने सुचवलेली मोजणी आम्हाला सुचायला हवी होती, आणि तिने आमचं म्हणणं जास्त पक्कं झालं. मग बाहेरच्या प्रयोगशाळांकडून आमचे स्फटिक मागायला मेल यायला लागले. पहिलं पाकीट पाठवायला मी पोस्टात गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "क्या है इसमें?" मी म्हटलं, पत्थर. त्यांनी पाकीट हलवून पाहिलं. "लोग यहाँ से गंगाजल भेजते हैं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

त्याच वर्षी पुण्याहून बोलावणं आलं. संस्था चांगली, हेलियम घरचं, वीज अखंड. मी मुलाखतीला जाऊन आले. आईने तेवढ्यात साताऱ्याहून पुण्याच्या एसटीच्या वेळाही काढून ठेवल्या. मला नाही म्हणायला एकही शहाणपणाचं कारण सापडत नव्हतं. बनारसला परतल्यावर काकूंना सांगितलं, तर त्या भाजी निवडत म्हणाल्या, "जायचं तर जा. मी रोकणार नाही. पण वरच्या खोलीत लगेच कुणाला घेणार नाही, तेवढं सांगते. परत आलीस तर?"

त्यांच्या त्या म्हणण्याने मी राहिले असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल, पण ते पूर्ण खरं नाही. दोन नवी मुलं नुकतीच आली होती आणि बलियावाली त्यांना नळी बंद करायला शिकवत होती. मी दारात उभी राहून बघत होते. मुलाच्या नळीचं टोक वाकडं झालं, तिने न बोलता ती कचऱ्यात टाकली आणि दुसरी दिली, जशी मी तिला द्यायचे. ही खोली मी उपसलेली होती. पुण्यात मला कुणीतरी तयार खोली देणार होतं. मला तयार खोली नको आहे, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला नकार कळवला. आई दोन महिने माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही. मग एका थंडीत स्वतःच आली, मी काय बघून राहिले ते बघायला.

आई आली तो आठवडा बलियावालीच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेचा निघाला. ही परीक्षा आमच्याकडे खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बहुधा कुणी येत नाही. त्या दिवशी बलियाहून तिचे आई-वडील, मामा आणि दोन आत्या आल्या, सोबत मिठाईचा मोठा खोका. आमच्या घरून आई, काकू आणि स्वच्छ धोतर-उपरण्यात काका. बाहेरून आलेले परीक्षक एवढी गर्दी बघून जरा गोंधळले. बलियावाली छान बोलली, घाई न करता. परीक्षकांचे प्रश्न संपले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचं आहे का.

काका उभे राहिले. 

"बिटिया," काका म्हणाले, "ये सब तो समझ में आया। ये पत्थर आगे किस काम आएगा?"

तिने वडिलांकडे पाहिलं, मग काकांकडे. "अभी ठीक-ठीक नहीं पता, बाबा। कुछ लोग कहते हैं इससे नए तरह के कंप्यूटर बनेंगे। हो सकता है बनें, हो सकता है न बनें। मैं झूठ नहीं बोलूँगी।"

काकांनी मान डोलावली आणि खाली बसले. परीक्षक हसले आणि म्हणाले, निधी मागायच्या आपल्या तीस पानी प्रस्तावात त्यांनी याच प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं.

नंतर व्हरांड्यात मिठाई वाटली. बलियावालीचे वडील माझ्या आईशी बोलत होते, ते भोजपुरीच्या वळणाने आणि ती साताऱ्याच्या, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. विषय एकच होता, पोरी ऐकत नाहीत. काकू आत्यांना पुऱ्यांची कणीक कशी भिजवायची ते सांगत होत्या आणि आत्या मान्य करत नव्हत्या. परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांच्या प्रयोगशाळेसाठी एक तुकडा मिळेल का. मी बलियावालीकडे बोट दाखवलं. ती हाताला लागलेला पेढा पुसत आत गेली, ब्लेड शोधायला.